एक्केचाळिसावा आवाज

सेमारांग, ३ जून

ती. तेतेह मिमिनला,
सलाम वि. वि.

…आणि हो, ते राहिलंच! परवा बस सुटली आणि माझं वाक्य अर्ध्यातच तुटलं. मी खिडकीतून ओरडत होते आणि तू दोन्ही कानांवर हात ठेवून उभी, म्हणजे तुला काही ऐकू गेलेलं नसणार. तर ते वाक्य असं होतं: कोणी जेवलीस का विचारलं तर नुसतं हो म्हणायचं. भात किती, मासा शेपटीकडचा की डोक्याकडचा, हे सांगत बसायचं नाही. कुठे निघालीस विचारलं तर इथेच जरा, एवढंच. बसचा नंबर सांगायचा नाही. लोकांना खरंच काही जाणून घ्यायचं नसतं गं, बोलायला तोंड उघडावं लागतं म्हणून विचारतात.

अकरा वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याशिवाय वाचनाला स्टेजवर बसणार. बु हेस्तींना मी सांगून ठेवलंय की माइक तुझ्या हातात देऊ नका, टेबलावर उभा ठेवा. तुझी खुर्ची भिंतीला लागून हवी. आणि ऑटिझम शब्द ऐकला की हळू, मोठ्यांदा, लहान मुलाशी बोलावं तसं बोलणारे दोन तरी लोक प्रत्येक गावात असतात, त्यांना मागे बसवा. त्या म्हणाल्या की प्रकाशक म्हणून वीस वर्षं झाली, पण लेखकापेक्षा लेखकाच्या बहिणीलाच जास्त घाबरते.

बांदुंग, सुमेदांग, च्यांजूर ही तिन्ही होतील गं नीट. मला काळजी आहे ती २९ तारखेच्या गारूतची. आपलं गाव, तोच हॉल, तेच स्टेज. तू नऊ वर्षांची होतीस, तिथून तुला दंडाला धरून खाली उतरवलं होतं. मी तेव्हा दोन वर्षांची, मला आठवत नाही. पण अम्बू आईच शेवटी, ती अजून त्या हॉलवरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून चालते. या वेळी तू वर चढशील आणि तुझ्या पायांनी, तुला हवं तेव्हा उतरशील. मला बाकी काही नको.

फोनवर नुसता आवाज येतो, माणूस येत नाही, हे तुझं म्हणणं मान्य, म्हणून पत्र. माझ्या नव्या शाळेतल्या बाया मात्र विचारतात की इतकं लांबलचक पत्र लिहितेस, तुझा कोणी तुरुंगात आहे का.

लोभ आहेच, तो तुझ्या बॅगेत उजव्या कप्प्यात इअरमफच्या शेजारी ठेवलाय.
तुझी,
यायू


बांदुंग, ९ जून

चि. यायूस,
सलाम आणि आशीर्वाद. (आशीर्वाद नक्की कसा देतात ते मला माहीत नाही. मोठ्या बहिणीने लिहायचा असतो म्हणून लिहिला.)

बांदुंगला बासष्ट माणसं होती. सुरुवातीला माझा घसा बंद झाला. मी कार्डावर लिहून दाखवलं की घसा बंद आहे, उघडला की बोलते. चार मिनिटं लागली. ते थांबले. एक माणूस खोकला आणि त्याने माफी मागितली. मग मी बोलले.

नेहमीसारखे खाऊचे खोके वाटले होते. पूर्वी तू खोके शेवटी वाटायला सांगायचीस. या वेळी मला दुसरी गोष्ट सुचली. मी सांगितलं की कोणीही आधी उघडू नका. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम खोक्यातल्या सीलबंद पाण्याच्या कपात नळी खुपसा. बासष्ट नळ्या. टप्. एकच आवाज झाला, आणि मला आधीच माहीत होता म्हणून दुखला नाही. पुस्तकात घरातले एकशे बारा आवाज आहेत. हा एकशे तेरावा, पण घरातला नाही, म्हणून कुठे लिहायचा ते ठरलेलं नाही.

जेवलीस का, असं चौदा जणांनी विचारलं. मी चौदा वेळा हो म्हटलं. त्यातलं पाच वेळा खोटं होतं.

सुमेदांगला सही घेताना एकोणीस जण म्हणाले, माम्पिर, आमच्याकडे येऊन जा. अकरा जणांनी घर कुठे तेही सांगितलं. तुझ्या पत्रात याबद्दल काही नव्हतं, म्हणजे हे खरं. मी यादी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी तोफूच्या कारखान्यामागे मा एनोक नावाच्या आजींकडे गेले. बु हेस्तींनी विचारलं की त्यांना माहीत आहे का तू येणार ते. मी म्हटलं, त्यांनीच तर बोलावलंय.

आजींच्या अर्ध्या केसांना तेल लागलं होतं, अर्धे कोरडे होते. त्यांनी मला बघून विचारलं की कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, तुम्ही माम्पिर म्हणालात. त्या पायरीवर बसल्या आणि इतक्या हसल्या की त्यांची फणी हातातून पडली. मग म्हणाल्या की चाळीस वर्षं या ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला माम्पिर म्हणतेय, पण मेलं कोणी चप्पल काढली नाही, तू पहिली. त्यांनी तोफू तळला, हिरवी मिरची दिली, आणि मला त्यांचं घर ऐकू दिलं. नऊ आवाज आहेत. रेडिओ सगळ्यात मोठा.

दहा घरं राहिली. त्यातले एक, दादांग सर, च्यांजूरचे आहेत, तिथे १६ तारखेला जाईन.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढला तर कळव.
मिमिन


सेमारांग, १२ जून

ती. तेतेहला,
सलाम वि. वि.

अगं बाई! मी पत्र शाळेच्या ऑफिसात वाचलं आणि तोंडातला चहा हेडबाईंच्या रजिस्टरवर गेला. सात वाजता! अर्ध्या तेलात! तेतेह, तू ना, तुझी दृष्ट काढून ठेवायला हवी.

चूक माझीच. सगळं शिकवलं आणि माम्पिर शिकवायचं विसरले. अगं, माम्पिर हे दारावरून जाणाऱ्याला म्हणायचंच असतं. ऐकणाऱ्याने हो हो, येते की, म्हणायचं आणि चालत राहायचं. म्हणणारा दार उघडत नाही, ऐकणारा चप्पल काढत नाही, आणि दोघांनाही बरं वाटतं. आपली अम्बू तर मांजरालाही माम्पिर म्हणते. उद्या मांजर पाटावर येऊन बसलं तर चालेल का तिला?

तेव्हा ती दहा घरं खोडून टाक पाहू. मा एनोक भली बाई निघाली म्हणून, नाहीतर लोक कानकोंडे होतात. लोकांचं बोलणं असं शब्दाला शब्द धरायचं नसतं. सगळे तसंच बोलतात गं, मी पण!

बाकी ती नळ्यांची टप् मला फार म्हणजे फारच आवडली. मी वर्गात करून पाहिली. तीस मुलं, एकानेही तीनपर्यंत धीर धरला नाही.

लोभाचं म्हणशील तर वाढलाय, कळवते आहे.
यायू


बांदुंग, १७ जून

यायूस,
सलाम.

तुझं पत्र १५ तारखेला बु हेस्तींच्या घरी आलं, तेव्हा मी च्यांजूरला होते. ते मी काल संध्याकाळी वाचलं. त्याआधी सकाळी दादांग सरांकडे जाऊन आले.

सरांनी सुमेदांगच्या कार्यक्रमात उठून सांगितलं होतं की माझं पुस्तक वाचून त्यांना स्वतःचं घर नव्याने ऐकू आलं, आणि माम्पिर, नक्की. मी दोदोलच्या मिठाईचा डबा घेऊन गेले. सरांच्या बायकोने दार उघडलं. आत पडद्यामागून सर हळूच म्हणाले की सांग, घरी नाहीत. हळू म्हणजे तुमच्यासाठी हळू. बायको म्हणाली, घरी नाहीत. पडद्याखालून सरांचे मोजे दिसत होते, तपकिरी. मी म्हटलं, मोजे घरी आहेत. मी डबा पायरीवर ठेवून आले.

मी विचार करतेय. पुस्तकाने घर नव्याने ऐकू आलं, हे माम्पिर होतं का? बु हेस्ती म्हणतात सावकाश होऊ दे, घाई नाही; ते? अम्बू म्हणाली पुस्तक छान झालंय, पण तिने ते वाचलेलं नाही, म्हणजे ते तर माम्पिरच. आणि तू लिहिलंस की सगळे तसंच बोलतात, मी पण. तू प्रत्येक कार्यक्रमाआधी म्हणायचीस की मला तुझ्या शेजारी बसायला आवडतं. अकरा वर्षं. मी ते खरं धरून वर चढत होते.

ते खरं होतं का? तू लिही. तोपर्यंत गारूतच्या स्टेजवर मी चढणार नाही. उद्या घरी जाते.

लोभ असेल तर तसं लिही. नसेल तरी लिही.
मिमिन


गारूत, २० जून

चि. यायूस अनेक आशीर्वाद,

तुझी बहीण घरी आली. सकाळपासून तळ्याच्या काठाशी बसून माशांना खाऊ घालते. मासे आता वळत पण नाहीत, इतके फुगलेत. मी विचारलं काय झालं, तर म्हणते की अम्बू, हे तू खरं विचारतेस की नुसतं? आता याला काय उत्तर द्यायचं! तू कसलं पत्र लिहिलंस तिला? शाळेत पोरांना शिकवतेस, आणि घरच्याच पोरीला काय लिहायचं ते कळत नाही होय तुला?

पण खरं सांगू, मला बरंच वाटलं. २९ चा कार्यक्रम होऊ नये. तुला कारण सांगते, पण तिला सांगायचं नाही.

मी तुम्हा दोघींना म्हणते ना, डोळे दुखतात, पुस्तक वाचायला सवड नाही. मी ते पहिल्याच आठवड्यात वाचलंय. तांदळाच्या कोठीत बसून, चष्मा लावून. एक्केचाळिसाव्या आवाजापर्यंत वाचलं आणि मिटलं. तुला पाठ असेल, तरी लिहिते: न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडलेला, हौद आधीच भरलेला. आत अम्बू रडते. नळामुळे बाहेर ऐकू येत नाही असं तिला वाटतं. आठवड्यातून दोनदा, आमचे वडील, अपा, गेल्यापासून चारदा.

बांदुंगला वाच म्हणावं, जाकार्ताला वाच, मला काय त्याचं. पण इथे त्या हॉलमध्ये माझं अख्खं कुराण-मंडळ बसणार. मी रोज त्याच बायांबरोबर भाजी घेते. तेवीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मिमिन जरा लाजाळू आहे, आणि घरी आमचं सगळं उत्तम. आता तीच माइकवरून सांगणार की उत्तम नव्हतं.

तेव्हा तू तिला काहीतरी गोड लिही. उन्हाळा फार आहे म्हण, पुढच्या वर्षी बघू म्हण. आजवर तूच सांभाळून घेत आलीस, एवढंही घे.

तुळशीची पानं वाळवून पाठवते आहे, माशाबरोबर खा. जेवत जा वेळेवर.
माया आहेच, ती काय लिहायची.
अम्बू


सेमारांग, २३ जून

ती. तेतेहला,
सलाम वि. वि.

मला अम्बूने सांगितलंय की तुला गोड काहीतरी लिही. मी लिहिणार नाहीये. एक्केचाळीस नंबरबद्दल तू तिलाच विचार. तिने पुस्तक वाचलंय, तेतेह. तांदळाच्या कोठीत बसून. मी तुला हे सांगितलं म्हणून ती मला फाडून खाईल, खाऊ दे.

आता तुझा प्रश्न. चार कागद फाडले.

तुझ्या शेजारी बसायला मला आवडायचं, हे खरं. पण सगळी अकरा वर्षं नाही. शेवटची तीन-चार मी थकले होते. आणि मी एक वाईट गोष्ट करायचे. पुर्वाकार्ताला एका बाईने विचारलं होतं की हिचं लग्न कोण करणार; मी तुझ्या कानात सांगितलं की तळ्यातल्या माशांबद्दल विचारतायत. तू पाच मिनिटं माशांबद्दल बोललीस आणि ती बाई हसत होती. तू एकदा म्हणालीस की हा प्रश्न मला आवडला नाही, आणि मी माइकवर सांगितलं की तिला प्रश्न फार सुंदर वाटला. असं कितीदा तरी. लोकांचं खरं तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही आणि तुझं त्यांच्यापर्यंत जाऊ दिलं नाही. मला वाटायचं मी तुला जपतेय. आता वाटतं, मी तुझ्या दारात उभी राहून सगळ्यांना माम्पिर म्हणत होते आणि दार माझ्याच पाठीने अडवलं होतं.

सेमारांगची नोकरी लागली म्हणून आले, असं मी सांगितलं. खरं म्हणजे मी ती मुद्दाम शोधली. कोणाच्याही वतीने न बोलता एखाद्या खोलीत बसून बघायचं होतं. बसले. बरं वाटतं. आणि तरी इथे मीटिंगला जाते तेव्हा डावीकडची खुर्ची रिकामी ठेवते. कोणी बसायला लागलं की म्हणते, येतंय कोणीतरी. हे माम्पिर नाही, तेतेह. हवं तर ये आणि बस.

अजून एक. माम्पिर खोटं असतं असं मी हसत हसत लिहिलं, पण मला तरी काय माहीत? आम्ही कोणी कधी जाऊन पाहिलंच नाही. तू गेलीस. एका घरी मोजे निघाले आणि एका घरी तोफू. मग निम्मं तरी खरं असेल ना?

गारूतला चढ किंवा नको चढूस. मी तुला ढकलणार नाही. तू उतरायच्या आधी कोणी हात लावला तर मात्र मी सेमारांगहून पायी येईन.

लोभ होता, आहे, थकलेला असतानाही होता.
यायू


गारूत, ५ जुलै

चि. यायूस,
सलाम आणि आशीर्वाद. (या वेळी मी तो खरंच दिला. डोळे मिटून, सेमारांगच्या दिशेला तोंड करून. पोचला असेल.)

तुझं पत्र २७ ला आलं. मी चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी राग आला, माशांच्या ठिकाणी. चौथ्या वेळी नव्हता. मला त्या बाईला उत्तर द्यायला आवडलं असतं. लग्न कोणी करणार नाही, मला एकटीने झोपायला आवडतं, एवढंच होतं.

मग मी अम्बूला एक्केचाळीस नंबरबद्दल विचारलं. ती न्हाणीघरात गेली आणि तिने नळ सोडला. मी दाराबाहेर बसले आणि कार्डावर लिहून दाराखालून आत सरकवलं, की ऐकू येतंय. नळ बंद झाला. आतून ती म्हणाली की हॉलमध्ये ते वाचू नकोस. मी म्हटलं, नाही वाचणार. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, मी कधी नुसतं बोलते का? ती म्हणाली की तोच तर त्रास आहे.

२९ ला एकशे चाळीस माणसं होती. मी वर चढले. तोच लाकडी आवाज, तिसऱ्या फळीचा. मी सांगितलं की नऊ वर्षांची असताना बँड वाजला, मी कान झाकून ओरडले, आणि मला इथून उतरवलं. मग मी सहा आवाज वाचले, सगळे तळ्याचे. मग प्रश्न. एका माणसाने हळू, मोठ्यांदा विचारलं की मला लोकांमध्ये यायला आवडतं का. तू असतीस तर बदललं असतंस. मी म्हटलं की नाही आवडत, पण तुम्ही आलात तर चालेल. लोक काय खरं बोलतात ते मला कळत नाही, म्हणून मी माझ्याकडून एक खरं वाक्य बोलते: माम्पिर. गुरुवारी चार वाजता, दुसऱ्या पुलापलीकडे, तळ्याचं घर. एका वेळी सहा जण. टाळ्या नकोत. कुरकुरणाऱ्या पिशव्या नकोत. अम्बूला मी विचारलेलं नाही.

अम्बू शेवटच्या रांगेत होती! मला माहीतच नव्हतं. कोणाचा तरी डबा परत करायला आले होते, असं ती अजून सांगते. ती उठून सगळ्यांसमोर ओरडली की बाई गं, मासे कोण आणणार, भात कोण शिजवणार, एकशे चाळीस लोकांना असं कोणी बोलावतं का? सगळा हॉल हसला. तो आवाज मोठा होता, पण माझ्याकडे बघून नव्हता. तो संपला तेव्हा मी उतरले. माझ्या पायांनी. कोणी हात लावला नाही, तुला पायी यावं लागणार नाही.

काल गुरुवार होता. सदतीस माणसं आली. मा एनोक सुमेदांगहून बांबूच्या टोपलीत तोफू घेऊन आल्या. बु हेस्तींनी त्यांना कळवलं होतं. या वेळी सगळ्या केसांना तेल होतं. दादांग सर आले नाहीत. त्यांनी माझा रिकामा डबा बु हेस्तींकडे पाठवला, आत चिठ्ठी होती: त्या दिवशी मी घरी होतो. मी ती चिठ्ठी ठेवून दिली.

आता खरी गोष्ट. मा एनोक न्हाणीघरात जाऊन आल्या आणि म्हणाल्या की तुमच्या नळाला जोर चांगला आहे. कुराण-मंडळाच्या नऊ बाया तिथेच ओट्यावर होत्या. अम्बू हसली आणि आपणहून म्हणाली की हाच तो नळ, पुस्तकात एक्केचाळिसावा. पण पोरीने चुकीचं लिहिलंय, मी आत बसून कांदे चिरत होते. सगळ्यांनी मान हलवली, की कांदे फार झोंबतात. न्हाणीघरात कोणी कांदे चिरत नाही, यायू. हे त्या सगळ्यांना माहीत आहे. मग मा एनोक म्हणाल्या की त्या रेडिओ लावून चिरतात. मंडळातली बि ईतोह म्हणाली, ती भात सडायचं मशीन लावते. मग नऊही जणींनी आपापले कांदे सांगितले आणि खूप वेळ हसल्या. अम्बूचे डोळे ओले होते, नळ बंद होता.

पाहुणे गेल्यावर अम्बू म्हणाली की दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त कर, रडते काढ, कांदे घाल. बु हेस्ती म्हणतात, २० तारखेपर्यंत सांग, मग छपाई. मी कधी खोटं लिहिलेलं नाही. रडते हे खरं आहे, मी ऐकलंय. पण काल कांदे म्हटल्यावर कोणी फसलं नाही, आणि सगळ्यांना बरं वाटलं, तू माम्पिरबद्दल लिहिलं होतंस तसं. फक्त या वेळी सगळ्यांच्या चपला दाराबाहेर होत्या, सदतीस जोड, मी मोजल्या.

लोभ वाढलाय. डावीकडची खुर्ची ठेव, ऑगस्टमध्ये येते. बसचा नंबर मागाहून कळवते.
मिमिन

ता. क. रडते की कांदे? तुला खरं काय वाटतं?